पूर्णाकाठच्या मीठविहिरी

मिठागर म्हटले की वसई, उरण, पेण ही नावे आपल्या ओठांवर येतात. भरतीचे पाणी, वाफे आणि पांढऱ्या राशी डोळ्यांपुढे उभ्या राहतात. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या वऱ्हाडातही एके काळी मीठ पिकत असे आणि ते जमिनीच्या पोटातून निघे, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

सातपुड्यात उगम पावणारी पूर्णा अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून वाहत जाऊन चांगदेवाजवळ तापीस मिळते. तिच्या दोन्ही तीरांवरील गाळाच्या सपाट प्रदेशास खारपाणपट्टा म्हणतात. अकोल्याच्या उत्तरेस, दहीहंड्याच्या परिसरात, या गाळात खोल विहिरी खणून खारे पाणी उपसीत व ते आटवून मीठ करीत. भारताच्या भूशास्त्रावरील १८७९ च्या सरकारी ग्रंथात या विहिरींची नोंद आहे. त्यांतील सर्वांत खोल विहिरी सुमारे १२० फुटांच्या होत्या. माती, वाळू व खडे यांचे थर भेदून एवढे खाली उतरणारे ते कसबी हात कोणाचे होते, याची दखल मात्र इतिहासाने घेतलेली नाही.

विशेष असे की, त्या ग्रंथातच या उद्योगाचा उल्लेख भूतकाळात येतो. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला. मीठ हे त्यांच्या महसुलाचे मोठे साधन होते. १८६७ मध्ये आगगाडी वऱ्हाडातून नागपूरला पोहोचली आणि समुद्राचे मीठ दारात येणे सोपे झाले. पुढे १८८२ च्या मीठ कायद्याने सरकारची मक्तेदारी पक्की केली. विहिरींतील खार आटला नव्हता. तो काढण्याचा हक्क तेवढा गेला होता.

म्हणूनच एप्रिल १९३० मध्ये वऱ्हाडातील सत्याग्रहींना समुद्रकिनारा शोधावा लागला नाही. दहीहंड्याच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ करून त्यांनी कायदा मोडला. आजोबा-पणजोबांचा धंदा नातवंडांच्या हातून, घटकाभर का होईना, पुन्हा जिवंत झाला.

आज मीठकामाचा मागमूसही सहजी दिसत नाही, पण खारे पाणी तेथेच आहे. ते पिण्यास योग्य नाही, ओलितासही चालत नाही. कपाशी आणि हरभरा काढणारा शेतकरी पावसाकडे डोळे लावून बसतो. मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार गावोगाव ऐकू येते. ज्या पाण्याने एके काळी कित्येकांचे पोट भरले, तेच आज शाप वाटावे, याहून मोठा दैवदुर्विलास कोणता?

किल्ल्यांची व देवळांची नोंद होते. विहीर बुजली की तिची खूणही उरत नाही. ज्या गावांत अशा विहिरींच्या जागा अजून ठाऊक असतील, त्या तेथील शाळांनी नकाशावर टिपून ठेवाव्यात, एवढीच आमची विनंती आहे.