सनद आणि सारंगी

पेशवाईच्या दप्तरांत चितारी, शाहीर आणि कीर्तनकार यांच्या बिदागीच्या व नेमणुकींच्या नोंदी सापडतात, आणि त्या चाळताना असे वाटते की आश्रयदाता बदलला तरी आश्रयाची रीत फारशी बदलत नाही. कारण संस्थानिकांचे खजिने आटल्यावर, विसाव्या शतकाच्या मध्यास, मुंबईच्या चित्रकारांना ज्या नव्या सनदा, म्हणजे शिष्यवृत्त्या, मिळू लागल्या, त्यांवर रॉकफेलर घराण्याच्या निधीचा शिक्का होता आणि हुजुरांचा मुक्काम न्यूयॉर्कला होता.

मोहन सामंत आणि वासुदेव गायतोंडे हे दोघेही १९२४ सालचे, दोघेही जे. जे. स्कूलचे विद्यार्थी, दोघेही प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या मंडळींत वावरलेले. अशाच सनदेवर सामंत १९५९ साली न्यूयॉर्कला गेले आणि १९६४ पर्यंत राहिले. त्याच १९६४ साली गायतोंडेही तशाच सनदेवर तेथे दाखल झाले. अमेरिकेने आपल्या डॉक्टर-इंजिनिअरांसाठी दार मोकळे केले ते १९६५ च्या कायद्याने, आणि शिकागोसारख्या शहरातले महाराष्ट्र मंडळसुद्धा १९६९ चे. तेव्हा संक्रांतीला हक्काने तिळगूळ मागावा असे घर या दोघांना त्या शहरात सहजी सापडण्याजोगे नव्हते.

गायतोंडे उतरले ते तेविसाव्या रस्त्यावरील चेल्सी हॉटेलात. लाल विटांची ती जुनी बारा मजली इमारत म्हणजे नाना देशींच्या चित्रकारांची, वादकांची आणि लेखकांची धर्मशाळाच होती. नाटककार आर्थर मिलर तेथेच बिऱ्हाड करून होते, आर्थर क्लार्क तेथेच अंतराळाची कादंबरी रचीत होते, आणि भाडे थकले तर मालक चित्रावर भागवून घेई. गिरगावच्या चाळीत वाढलेल्या आणि वॉर्डन रोडवरील भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये, एकीकडे रविशंकरांची सतार व दुसरीकडे अल्काझींच्या नाटकांची तालीम चालू असता, मुकाट्याने रंगवीत बसलेल्या माणसाला अशा शेजाराचे अप्रूप ते काय वाटणार? न्यूयॉर्कने गायतोंड्यांना अमूर्ताकडे वळविले, असे कोणी म्हणतात, ते मला मुळीच पटत नाही; आकृतीचा निरोप त्यांनी मुंबईतच घेतला होता, आणि त्यांचे १९६२ चे, म्हणजे जाण्यापूर्वीचे, एक चित्र न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियमच्या संग्रहात आहे. रोलरने रंग चढवावा, पॅलेट नाइफने तो खरवडावा, आणि मग बराच काळ नुसते पाहत बसावे, ही त्यांची रीत. खेतवाडीत विड्या विकता विकता अद्वैत सांगणाऱ्या निसर्गदत्त महाराजांचा तिच्याशी संबंध चेल्सीपेक्षा अधिक असावा.

गायतोंडे परतले. सामंत मात्र १९६८ साली पुन्हा न्यूयॉर्कला गेले ते कायमचेच, आणि २००४ मध्ये तेथेच निवर्तले. जे. जे.मधील पळशीकर गुरुजींच्या या शिष्याने चित्रात वाळू मिसळली, प्लास्टर थापले, कागद कापून त्यांत पोकळ्या केल्या, प्लास्टिकची खेळण्यातील माणसे बसविली. आणि हे सर्व चालू असताना आपले सारंगीवादन सोडले नाही. सारंगी हे मोठे हट्टी वाद्य: तारेवर बोट दाबायचे नसते, नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीने ती कडेने घासायची असते, आणि रियाज चुकला की सूर रुसतो. ज्या शहरात सुराला दाद देणारा कान शोधावा लागतो तेथे तो रियाज एकट्याने चालविणे, हे मला त्यांच्या चित्रांइतकेच धाडसाचे वाटते.

२०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाने गायतोंड्यांचे मोठे प्रदर्शन मांडले. ज्या शहरात ते थोडा काळ पाहुणे होते त्याने त्यांना मानाचे पान वाढले. जो तेथे कायमचा जाऊन छत्तीस वर्षे नांदला त्याचे नाव, आम्हा मराठी वाचकांच्या दप्तरांत तर, अजून कच्च्या खर्ड्यातच आहे: तिकडच्यांनी त्याला मुंबईच्या खाती टाकले आणि मुंबईने न्यूयॉर्कच्या. अखेरच्या काही दशकांत सामंत धातूची तार वाकवून तिनेच रेखाटन करीत, आणि ते चित्रातील पोकळीवर बसवीत. त्यामुळे एक रेघ तारेची असे आणि दुसरी तिच्या सावलीची, आणि खोलीतला दिवा हलला की ती दुसरी रेघ जागा बदली.