ग्वाल्हेरचा गळा आणि अडखळती वाणी

अडखळत बोलणारा माणूस गाताना सहसा अडखळत नाही. आरतीला चार जणांच्या सुरात सूर मिसळला की तोतरा मुलगाही शेवटच्या कडव्यापर्यंत पोचतो. वर्गात नाव पुकारल्यावर मात्र ‘हजर’ हा शब्द त्याच्या ओठांशीच अडतो. जीभ आणि गळा शाबूत असल्याचा याहून सोपा पुरावा नाही. तरीही युरोपातल्या वैद्यांनी दोष जिभेतच शोधला. बर्लिनचे शल्यविशारद योहान डीफेनबाख यांनी १८४१ मध्ये तोतरेपणावर उपाय म्हणून जिभेच्या मुळाशी काप घेतले. ईथरची भूल यायला तेव्हा पाच वर्षं अवकाश होता.

गाण्यात मात्र गळ्याची घडण हाच ग्वाल्हेर घराण्याचा लौकिक. ख्यालगायक बंधू हद्दूखाँ-हस्सूखाँच्या काळात तालीम गुरूच्या घरात, मोजक्या शिष्यांपुरती चाले. वासुदेवबुवा जोशी आणि त्यांचे शिष्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्यामार्फत ही गायकी महाराष्ट्रात आली. पुढे ग्वाल्हेरातच कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ मध्ये शंकर गांधर्व महाविद्यालय काढलं. संस्थानिक माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने, संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांच्या योजनेनुसार, १९१८ मध्ये माधव संगीत विद्यालय सुरू झालं. गायक राजाभैया पूछवाले तिथे शिकवत. वर्ग आणि स्वरलिपी आल्यामुळे सामान्य घरातल्या मुलाला आधी इतरांबरोबर, मग एकट्याने आणि शेवटी श्रोत्यांपुढे गाण्याची वाट मोकळी झाली. या शाळा तोतऱ्यांसाठी नव्हत्या, आणि गाण्यातली सफाई बोलण्यात आपोआप उतरतही नाही. पण ऐकणाऱ्यांचं वर्तुळ हळूहळू मोठं करत नेण्याचा क्रम तोच होता.

वाणीच्या उपचारात हा क्रम अमेरिकेत, विसाव्या शतकात रुजला. वाणीउपचारतज्ज्ञ चार्ल्स व्हॅन रायपर स्वतः तोतरे होते. न अडखळण्याची धडपड सोडा, मुद्दाम आणि सावकाश अडखळा, असं ते रुग्णांना सांगत. मानसशास्त्रज्ञ जोसेफ शीहान यांनी १९७० मध्ये तोतरेपणाला हिमनगाची उपमा दिली: ऐकू येतं ते थोडं, पाण्याखाली लाज, भीती आणि टाळाटाळ. उपचाराचा रोख मग टाळाटाळीवर वळला. सोप्या प्रसंगापासून अवघडाकडे जायचं: घरच्यांशी बोलणं, ग्वाल्हेरात असाल तर महाराज बाड्यावरच्या बाजारात, एखाद्या दुकानात भाव विचारणं, अनोळखी माणसाला फोन करणं, मग सभेत उभं राहणं. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत आतली भाषा मराठी आणि बाहेरची हिंदी, त्यामुळे उंबरठा ओलांडणं हीच तिथली एक पायरी ठरते. प्रत्येक पायरीवर अडखळणं होणारच, हे आधी मान्य असतं. धीर येतो तो अडखळूनही वाक्य पुरं केल्यामुळे.

सभाधीटपणाचं उदाहरण म्हणून ग्वाल्हेरात अटलबिहारी वाजपेयींचं नाव हमखास निघतं. जन्म ग्वाल्हेरचा, १९२४ चा. शिक्षण व्हिक्टोरिया कॉलेजात. शाळेत असताना पाठ केलेलं भाषण मध्येच विसरल्याची आठवण ते सांगत. पण ती सभेची भीती होती, तोतरेपणा नव्हे. सभेची भीती सरावाने बरीचशी मोडते. तोतऱ्याचा शब्द मात्र त्याला नीट ठाऊक असूनही अडतो. ही गल्लत घरोघर होते, आणि ‘जरा धीटपणे बोल’ हा सल्ला म्हणूनच निरुपयोगी ठरतो.

लहान मुलांपैकी सुमारे ५ टक्के कधी ना कधी अडखळतात. बहुतेकांचं ते आपोआप थांबतं आणि प्रौढांत प्रमाण १ टक्क्यावर येतं. भारतात वाणीविषयक शिक्षण आणि उपचारांसाठी म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था १९६५ मध्ये उभी राहिली. तोतऱ्यांनी स्वतः चालवलेली ‘द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन’ २००८ ची. तिच्या स्वयंसाहाय्य गटांत अडखळत बोलायला पूर्ण मुभा असते.