तळटीप १२ : टनेल

१२. टनेल : थळ घाटातला बोगदा नव्हे. हा शब्द इथे संगणक-जाळ्यांतल्या अर्थाने आला आहे. मल्टिकास्टमध्ये गटातल्या सर्वांसाठी एकच प्रवाह २२४.०.०.० ते २३९.२५५.२५५.२५५ यांपैकी एखाद्या गट-पत्त्यावर सोडतात. वाटा फुटतात तिथेच राउटर त्याच्या प्रती काढतो. मधल्या राउटरांना हे जमत नसेल, तर दोन टोकांचे राउटर प्रवाहाचे पॅकेट साध्या पॅकेटात घालून पार नेतात. हाच टनेल. १९९२ मध्ये सुरू झालेले एमबोन हे जाळे अशाच टनेलांवर उभे होते. मात्र मूळ प्रेषकाकडे जाणारी वाट टनेलमधूनच आहे, हे पलीकडच्या राउटरला वेगळे सांगावे लागते. नाहीतर हाती आलेले पॅकेटही तो टाकून देतो. उताऱ्यातली ‘आयपी एमरूट’ ही आज्ञा त्यासाठीच आहे.