काडतुसाचे तोंड : वळवावे की आवळावे?

नांदेड/लातूर (प्रतिनिधी) : ‘गावठी कट्ट्यासह दोन जिवंत काडतुसे जप्त’ किंवा ‘घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या सापडल्या’ अशी वाक्ये वृत्तपत्राच्या वाचकाला नवी नाहीत. मात्र जिवंत काडतूस आणि रिकामी पुंगळी यांच्यात नेमका फरक काय, हे फार थोड्यांना सांगता येते. काडतुसाचे घटक चार : पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली प्राइमरची टोपी, आतली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. गोळीला जागेवर धरून ठेवते ती पुंगळीच्या तोंडाची पकड. या तोंडाला अखेरचा दाब देऊन ते बंद करण्याच्या क्रियेला क्रिंपिंग म्हणतात. विजेच्या तारेला थिंबळ दाबून बसवणाऱ्या वायरमनला हा शब्द चांगला ठाऊक असतो.

अमेरिकेत वापरलेल्या पुंगळ्या घरीच पुन्हा भरण्याचा छंद जुना आणि कायदेशीर आहे. कोणत्या पद्धतीने तोंड बंद करावे, यावर तेथील छंदिष्टांमध्ये कायम खल चालतो. आपल्याकडे तो निर्णय कारखान्याचा असतो. तरीही त्यामागचे तत्त्व परवानाधारकाने समजून घेणे अगत्याचे आहे, कारण काडतुसातील दोष ओळखणे त्यामुळेच शक्य होते.

ठासणीच्या बंदुकीत हा प्रश्नच नव्हता. नळी हीच पुंगळी. तोंडातून दारू, मग चिंधीचा बोळा, मग छर्रे, आणि वरून गजाने ठासणे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये पिकांच्या राखणीसाठी लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा आजही स्वतंत्र उल्लेख आहे. रानडुकरे आणि रोही यांनी हैराण झालेल्या शेतकऱ्याला त्याचे कारण वेगळे सांगावे लागणार नाही. पुढे आलेल्या बारा बोअरच्या काडतुसात दोन पद्धती दिसतात. एकीत छर्‍यांवर पुठ्ठ्याची चकती ठेवून कागदी किंवा प्लॅस्टिकच्या नळकांड्याची कड आत वळवतात. दुसरीत नळकांड्याचेच तोंड चुण्या घालून ताऱ्याच्या आकारात मिटवतात. चकती छर्‍यांच्या मध्ये येऊन त्यांचा पसारा बिघडवू शकते, म्हणून छर्‍यांच्या काडतुसात ताऱ्याची घडी पसंत केली जाते.

रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुलाच्या बाबतीत मात्र निवड आवडीनिवडीची राहत नाही. शस्त्रात काडतूस कशावर टेकून थांबते, यावर ती ठरते. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कडा असते. चक्राच्या घरात ते या कडेवर थांबते. त्यामुळे त्याचे तोंड गोळीवरील खाचेत आत वळवले तरी बिघडत नाही. उलट ते आवश्यकच असते. एक गोळी सुटताच संपूर्ण शस्त्र झटक्याने मागे येते आणि उरलेल्या घरांतील गोळ्या जडत्वाने जागच्या जागी राहू पाहतात. पकड सैल असल्यास गोळी हळूहळू पुंगळीबाहेर सरकते, चक्राच्या पुढे डोकावते आणि चक्रच अडकते. संकटाच्या क्षणी चक्र न फिरणे म्हणजे काय, हे सांगायला नको.

पिस्तुलातील धोका नेमका उलटा. तेथे काडतूस मॅगझिनमधून वर ढकलले जाते आणि गोळीचे नाक नळीकडे जाणाऱ्या उतारावर आपटते. पकड कमी पडली, तर गोळी आत दबते. दारूला मिळणारी जागा घटते आणि दाब धोकादायक रीतीने वाढतो. पण म्हणून तोंड वळवून टाकावे असेही नाही. ९ मिलिमीटर किंवा .४५ सारखे कडा नसलेले काडतूस नळीच्या घरात स्वतःच्या तोंडावरच टेकून थांबते. ते तोंड आत वळवले, तर टेकायला काही उरत नाही. काडतूस प्रमाणापेक्षा आत जाते आणि घोड्याचा आघात प्राइमरवर नीट बसत नाही. म्हणून पिस्तुलाच्या काडतुसाचे तोंड निमुळते आवळतात. गोळी बसवताना तोंड किंचित फाकवलेले असते, ते फाकणे सरळ करणे एवढेच तेथे क्रिंपचे काम. गोळी धरली जाते ती पुंगळीच्या भिंतीच्या घट्टपणामुळे.

नवख्यांची समजूत असते की जितके अधिक दाबावे तितकी पकड पक्की. प्रत्यक्षात अति दाब दिल्यास मऊ शिशाची गोळी चेपते. पितळ दाब सुटताच थोडे मागे उसळते, शिसे उसळत नाही. परिणामी पकड सैल होते.

मराठवाड्यातील परवानाधारकाच्या दृष्टीने यातील सर्वांत महत्त्वाचा भाग बत्तीस बोअरचा आहे. ९ मिलिमीटर हा प्रतिबंधित बोअर असल्याने मोंढ्यातील व्यापारी असो वा कंत्राटदार, सामान्य नागरिकाचे शस्त्र बहुधा .३२ चे असते. मात्र या एकाच आकड्याची काडतुसे दोन आहेत. कानपूरच्या सरकारी कारखान्यातील रिव्हॉल्व्हरचे काडतूस कडेचे, सुमारे २३ मिलिमीटर लांबीच्या पुंगळीचे. ते मूळचे १८९६ चे. ‘अशनी’ पिस्तुलाचे काडतूस ब्राउनिंगने १८९९ मध्ये आणलेले, १७ मिलिमीटर पुंगळीचे आणि अगदी नाममात्र कडेचे. आखूड काडतूस रिव्हॉल्व्हरच्या घरात जाऊ शकते, आणि अनर्थाचे मूळ तेथेच आहे. त्याचा दाब अधिक असल्याने जुन्या रिव्हॉल्व्हरला तो झेपेलच असे नाही. परवान्यावर केवळ ‘.३२’ वाचून काडतूस मागू नये.

रिव्हॉल्व्हरचे हेच काडतूस नेमबाजीत पिस्तुलातूनही वापरले जाते, ही एक गंमत. २५ मीटर सेंटर फायर प्रकारात सपाट डोक्याची शिशाची गोळी पुंगळीत तोंडापर्यंत बुडवून बसवतात. १९९४ च्या व्हिक्टोरिया राष्ट्रकुल स्पर्धेत जसपाल राणा आणि मुंबईचे अशोक पंडित यांनी जोडीने याच प्रकारात सुवर्णपदक मिळवले होते. राही सरनोबतसारख्या महिला नेमबाजांच्या २५ मीटर पिस्तुलाचे .२२ काडतूस वेगळे. त्याची ज्वालाग्राही पूड बुडाच्या कडेतच भरलेली असते, त्यामुळे त्यात नवी टोपी बसवण्याची सोयच नाही.

आता कायद्याचे. पुण्याजवळच्या खडकीत १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. तेथील काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ ही इंग्रजी आद्याक्षरे असतात. १ ऑक्टोबर २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत समाविष्ट आहे. कारखान्यात प्रत्येक खेपेतील नमुने तपासूनच माल बाहेर पडतो. घरी ही सोय नाही आणि मुभाही नाही. शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार दारूगोळा निर्मितीला परवाना लागतो. ‘दारूगोळा’ या शब्दाच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो तयार करण्याची यंत्रसामग्रीही येते, हे अनेकांच्या ध्यानात नसते. इंटरनेटवरील चित्रफिती पाहून पुंगळी भरण्याचे यंत्र मागवण्याची कल्पना येथेच सोडून द्यावी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान ७ वर्षे आणि कमाल जन्मठेपेची शिक्षा आहे. स्वतःजवळ शस्त्राचा परवाना असणे हा त्यावरचा बचाव नव्हे.

परवानाधारकाच्या हाती उरते ते निरीक्षण. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुकांसाठी अनेकांना शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावी लागली. शस्त्र परत आले की तेच पहिले काडतूस पुन्हा भरले जाते. रोज रात्री भरणे आणि सकाळी काढणे अशीही काहींची सवय असते. पिस्तुलात दर वेळी वरचे तेच काडतूस उतारावर आपटते आणि गोळी थोडीथोडी आत जाते. त्यामुळे भरण्याचा क्रम बदलत ठेवावा. दसऱ्याला शस्त्रपूजनासाठी पिस्तूल बाहेर काढले जातेच. ते रिकामे करून बाजूला ठेवावे आणि एकाच खेपेची सर्व काडतुसे सपाट टेबलावर बुडाने उभी करावीत. एखादे इतरांपेक्षा आखूड दिसले, गोळी बोटाने फिरली किंवा तोंडाशी पितळ चिरलेले आढळले, तर ते वापरू नये आणि पक्कडीने दुरुस्तही करू नये. परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करून त्याची पोच घ्यावी.