खाजोटी, मोठी
(आग्या, नेपाळी : अल्लो, लॅ. जिरार्डिनिया डायव्हर्सिफोलिया, कुल-अर्टिकेसी). दाहक केसांची उंच ओषधी. महाबळेश्वर-पाचगणी परिसरातील ओलसर, सावलीच्या जंगलांत व ओढ्यांकाठी पावसाळ्यात वाढते, प्रसार आफ्रिकेपासून पूर्व आशियापर्यंत. पाने एकाआड एक, मोठी, खंडित व दातेरी असतात. प्रत्येक दाहक केसाचे टोक काचेसारखे ठिसूळ असते. स्पर्श होताच ते मोडून केस कातडीत रुततो व आतला द्रव टोचला जातो. त्यामुळे आग होऊन गांधी उठतात.

खोडाच्या सालीपासून लांब, मजबूत व रेशमी चमकेचा धागा मिळतो. नेपाळात साल सोलून राखेच्या पाण्यात उकळतात, कुटून धुतात आणि सूत कातून पोती, जाळी व कापड विणतात. लागवड बियांनी किंवा मुळांच्या गड्ड्यांनी होते. कोवळी पाने शिजवली की दाह नाहीसा होतो; हिमालयात त्यांची भाजी करतात. लोकवैद्यकात पाने डोकेदुखीवर व सुजलेल्या सांध्यांवर वापरतात. नाव सारखे वाटले तरी खाजकुइली ही मात्र शिंबावंत कुलातील वेगळी वेल होय.