चुन्याची भिंत आणि सिमेंटचा गिलावा



जुना वाडा किंवा जुने घर विकत घेतलेल्या जणींची एक तक्रार ठरलेली असते. आधीच्या मालकाने भिंती चांगल्या ‘पक्क्या’ करून घेतलेल्या, वर चकचकीत ऑइल पेंट. तरी दर पावसाळ्यात कमरेपर्यंत ओल चढते, पोपडे सुटतात, पांढरा लोणा फुलतो. चातुर्मासात भिंतीवर बुरशी म्हणजे आपल्याला दुहेरी संकट. पुसावी तर अनंतकाय जीवांची विराधना, ठेवावी तर ती वाढतच जाणार. आमच्याही घरी हेच होते. म्हणून हे पक्केपण आले कुठून, ते जरा मुळापासून सांगते.

आपल्या पणजीच्या काळची भिंत चुन्याची. चुनखडी भट्टीत साधारण 900 अंशांवर भाजायची, ती कळी पाण्यात विरवायची, मग वाळू आणि विटांची सुरखी घालून बैलाच्या घाणीत मळायची. गूळ, हिरडा यांचे पाणीही त्यात पडे. भिंतीवर चढलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा दगड होतो, पण त्यात बारीक छिद्रे राहतात. जुन्या घरांच्या पायात ओल अडवणारा थर नसे. जमिनीतून चढलेले पाणी या छिद्रांतूनच वाळून जाई. भिंत ओल घेई आणि सोडूनही देई.

सिमेंट मानाने फार अलीकडचे. इंग्लंडमधल्या लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन नावाच्या गवंड्याने 1824 साली ‘पोर्टलँड सिमेंट’चे पेटंट घेतले. आपल्याकडे 1904 मध्ये मद्रासला प्रयत्न झाला, पण खरी सुरुवात 1914 ची, पोरबंदरची. 1936 मध्ये दहा कंपन्या एकत्र येऊन एसीसी झाली. पुढे महायुद्धापासून सिमेंटवर सरकारी नियंत्रण आले आणि स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षे राहिले. घर बांधायचे तर परमिट हवे. महाराष्ट्रात तर सिमेंट वाटपाच्या प्रकरणात जानेवारी 1982 मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांना राजीनामा द्यावा लागला. त्याच वर्षी नियंत्रण अर्धवट उठले, 1989 मध्ये पूर्ण.

मला वाटते, खरी गोम इथेच आहे. जी गोणी मिळवायला खेटे घालावे लागत, तिची प्रतिष्ठा वाढणारच. ती सहज मिळू लागल्यावर लोकांनी हौसेने जुन्या चुन्यावरही सिमेंट थापले. तोवर चुना मळणारे गवंडीही कमी झाले होते. त्यामुळे आधीच्या मालकाला मी नावे ठेवत नाही. त्याला सगळ्यांनी हेच सांगितले असणार.

पण सिमेंट घट्ट. आतली ओल बाहेर पडेना, म्हणून ती आणखी वर चढते. पाण्यातले क्षार गिलाव्यामागे साठतात, त्यांचे खडे होऊन विटेला फोडतात. वरचा गिलावा शाबूत आणि मागची जुनी मऊ वीट पिठासारखी, असा प्रकार. तुळईचे टोक त्या ओल्या भिंतीत असेल तर वाळवीलाही आमंत्रण.

मोठमोठ्यांचेही असे झाले आहे हं! अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरात जुन्या कारागिरांनी दगड जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्यांभोवती शिसे ओतले होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बालानोस नावाच्या अभियंत्याने दुरुस्ती करताना शिशाविना लोखंड वापरले. ते गंजून फुगले आणि संगमरवर तडकला. 1975 पासून ते काढून टायटेनियम बसवण्याचे काम चालू आहे.

आता आपल्या भिंतीचे. पाडकाम पावसाळा संपल्यावर काढावे. आपल्याकडे चातुर्मासात बांधकाम टाळतातच, आणि भिंत वाळायलाही पुढचे कोरडे महिने हवेत. मशीनने ठोकू देऊ नका. छिन्नी-हातोडीने हळू उकलायला सांगा, नाहीतर सिमेंटबरोबर विटेचे तोंडही निघून येते. लोणा ओल्या फडक्याने नव्हे, कोरड्या ब्रशने झाडावा. मग काही आठवडे, जमल्यास काही महिने, भिंत उघडी ठेवायची. पाहुणे काय म्हणतील म्हणून घाई करू नये.

चुना विरवताना पाणी उकळते, म्हणून आमच्या सासूबाईंनी गवंड्याला बजावले: पाणी गाळलेले हवे आणि खड्डा आधी नीट पाहून घ्यायचा. मुलांना लांब ठेवा, चुना डोळ्यांत गेला तर फार वाईट. गिलावा पातळ थरांत द्यायचा, प्रत्येक थर थोडा आवळला की पुढचा, आणि कडक ऊन असेल तर वर ओले गोणपाट टांगायचे. शेवटी ऑइल पेंट नाही, चुन्याची सफेदीच. क्षारधर्मी असल्याने तिच्यावर बुरशी सहसा धरत नाही.

खर्च सिमेंटपेक्षा थोडा जास्त आला, वेळ बराच जास्त. आमची माजघराची भिंत झाली आहे. स्वयंपाकघराची मागची भिंत यंदाच्या कार्तिकी पौर्णिमेनंतर काढणार आहोत.