रुतणारे चाक, घसरणारे चाक
वऱ्हाडच्या काळ्या मातीपासून हिमप्रदेशापर्यंत

चारही चाकांना इंजिनाची शक्ती पुरवणारी मोटार, म्हणजे फोर व्हील ड्राइव्ह, म्हटली की बर्फाच्छादित घाटरस्ते डोळ्यांसमोर येतात. अमरावती-अकोल्याच्या शाळेत हा विषय काढला तर विद्यार्थी विचारतील, आपल्याकडे बर्फ कुठे पडतो? प्रश्न रास्त आहे. परंतु बर्फावर चाकाला ज्या दोन अडचणी येतात, त्या वऱ्हाडातील माणसाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. एक रुतणे आणि दुसरी घसरणे. या दोन अडचणींवर माणसाने कसकसे उपाय शोधले, त्याचा इतिहास आपल्या जिल्ह्यांतूनच पाहता येतो.

मातीचा गुण

वऱ्हाडची काळी माती बेसॉल्ट खडक झिजून तयार झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज भरपूर असते. त्याचे कण अतिशय पातळ पापुद्र्यांचे असतात. या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की माती फुगते आणि उन्हाळ्यात पाणी निघून गेले की आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पूर्णा नदीच्या खोऱ्यात या मातीचा थर काही मीटर खोल आहे.

मृगाची पहिली सर पडते तेव्हा वरचा बोटभर थर तेवढा ओला होतो, खाली जमीन टणकच असते. अशा वाटेवर चाक रुतत नाही, घसरते. श्रावणात संततधार लागली की ओल खोलवर जाते आणि मग चाक आसापर्यंत रुतते. हिमप्रदेशातही असेच दोन प्रकार आहेत. रस्त्यावर गोठलेला कठीण बर्फ चाकाला घसरवतो, तर नुकताच पडलेला भुसभुशीत हिमाचा थर चाकाला रुतवतो. आणखी एक साम्य आहे. चिखल असो वा ओले हिम, ते टायरच्या खाचांत भरून बसते आणि खाचांचे टायर गुळगुळीत होते.

पाठीवरचा कापूस

रुतण्यावरचा सर्वांत जुना उपाय म्हणजे चाकच न वापरणे! वऱ्हाडचा कापूस दीर्घकाळ बैलांच्या पाठीवर लादून परमुलखात जात असे. गंगाकाठचे मिर्झापूर ही त्याची मोठी बाजारपेठ होती. १८२५-२६ साली विकाजी आणि पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी वऱ्हाडातून थेट मुंबईला कापूस पाठवला, तेव्हा १ लाख २० हजार पौंड मालासाठी ५०० बैल लागले. म्हणजे एका बैलावर २४० पौंड, सुमारे १०९ किलो. कठीण रस्त्यावर गाडीला जुंपलेला बैल याच्या कितीतरी पट माल ओढू शकतो. पक्क्या रस्त्याअभावी व्यापाऱ्याला किती किंमत मोजावी लागे, हे या आकड्यांवरून कळते.

बैलगाडीकडे यंत्र म्हणून पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. तिचे चाक स्वतः ओढत नाही, नुसते फिरते. जमिनीला रेटा देण्याचे काम बैलांचे आठ खूर करतात. म्हणून बैलगाडीचे चाक जागच्या जागी गरगर फिरत नाही. तिची अडचण रुतण्याची असते, कारण सगळे ओझे लोखंडी धावेच्या अरुंद पट्टीवर येते. पुढे रबरी टायरच्या गाड्या आल्या. त्यांत तेच ओझे रुंद जागेवर वाटले जाते. बर्फावर चालण्यासाठी पायाला रुंद फळ्या बांधतात, त्यामागचे तत्त्व हेच.

जोडलेली चाके

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. मुंबईहून निघालेला लोहमार्ग शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा येत १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. गिट्टीचा भराव, त्यावर स्लीपर आणि त्यावर रूळ, या रचनेमुळे रुतण्याचा प्रश्न मिटला. पण घसरण्याचा प्रश्न वाढला, कारण लोखंडी रुळावर लोखंडी चाकाची पकड कमीच असते. इंजिनात कितीही वाफ कोंडली तरी पकडीपेक्षा अधिक ओढ मिळत नाही, चाक नुसते गरगरते.

रेल्वेच्या अभियंत्यांनी यावर दोन उपाय योजले. इंजिनाची दोन-तीन किंवा अधिक चाके आडव्या दांड्याने एकमेकांना जोडली, म्हणजे इंजिनाच्या वजनाचा मोठा हिस्सा ओढणाऱ्या चाकांवर आला. शिवाय रुळावर वाळू सोडण्याची सोय केली. आमच्या मते फोर व्हील ड्राइव्हचा पहिला धडा वऱ्हाडात या जोडलेल्या चाकांनी दिला.

जीप आली

मोटारीत चारही चाके ओढती करणे अधिक कठीण होते, कारण पुढची चाके वळावीही लागतात. १९०३ साली हॉलंडच्या स्पायकर कंपनीने पेट्रोल इंजिनाची अशी मोटार बनवली. परंतु ही रचना जगभर पसरली ती दुसऱ्या महायुद्धातील जीपमुळे. अमेरिकी सैन्याने १९४० साली हलकी गाडी मागवली आणि १९४१ पासून विलीज व फोर्ड यांनी ती लाखोंनी तयार केली. युद्धानंतर महिंद्रा कंपनीने विलीज जीप मुंबईत जोडायला घेतली. १९५२ मध्ये सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाल्यानंतर जीप हे खेड्यांत सरकारी कामाचे चिन्हच बनले. १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली. मेळघाटासारख्या जंगलात ती वनखात्याच्या आणि पर्यटकांच्या चांगलीच परिचयाची झाली.

जीपमध्ये गियरच्या दांड्याशेजारी दोन लहान दांडे असत. एकाने पुढचा आस इंजिनाशी जोडता येई. दुसऱ्याने वेग सुमारे निम्मा करून चाकांवरचा पीळ जवळजवळ दुप्पट करता येई. यातून तीन स्थिती मिळतात : फक्त मागची चाके (टू-एच), चारही चाके नेहमीच्या वेगाने (फोर-एच) आणि चारही चाके मंद गतीने (फोर-एल).

कोणती स्थिती केव्हा?

एक साधे गणित करू. गाडीचे वस्तुमान १,००० किलो, म्हणजे वजन ९,८०० न्यूटन, आणि ते चारही चाकांवर सारखे वाटलेले आहे असे मानू. बर्फावर रबराचा घर्षणांक साधारण ०.१ असतो, तर कोरड्या डांबरी रस्त्यावर ०.७ च्या आसपास. टू-एचमध्ये निम्मेच वजन कामी येते, म्हणून बर्फावर जास्तीत जास्त ओढ ४९० न्यूटन मिळते. फोर-एचमध्ये ती ९८० न्यूटन होते. पहिली गाडी २० मीटरला १ मीटर चढणाऱ्या उतारावरच हतबल होईल, दुसरी १० मीटरला १ मीटरपर्यंत तग धरेल. गाडीचा फायदा दुप्पट झाला, पण बर्फाची पकड कणभरही वाढली नाही. आधी वाया जाणारी पकड आता वापरली गेली, एवढेच.

भुसभुशीत हिमात, खोल चिखलात आणि तीव्र उतारावर फोर-एल उपयोगी पडते, कारण तेथे सावकाश पण नेटाने रेटा द्यावा लागतो. उतरताना इंजिनच गाडीला आवरून धरते. निसरड्या बर्फावर मात्र वाढलेला पीळ चाक सहज गरगरवतो, म्हणून अ‍ॅक्सिलरेटरवर पाय अगदी हलका लागतो. या दोन्ही स्थितींत पुढचे-मागचे आस घट्ट जोडलेले असतात. वळताना पुढच्या चाकांना अधिक अंतर कापावे लागते. चिखलात वा बर्फात चाके थोडी घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर त्यांना घसरता येत नाही आणि यंत्रणेवर ताण येतो.

हा दोष टाळण्यासाठी दोन आसांच्या मध्येही एक डिफरन्शियल बसवता येतो. १९७६-७७ च्या हिवाळ्यात फिनलंडमधील बर्फावर चाचण्या चालू असताना इल्टिस ही लहानशी लष्करी गाडी अधिक शक्तिशाली मोटारींना मागे टाकते, असे ऑडीच्या अभियंत्यांना आढळले. त्यातून १९८० मध्ये चारही चाकांना कायम शक्ती देणारी क्वाट्रो ही मोटार आली.

डिफरन्शियलची एक खोड मात्र राहतेच. तो दोन्ही बाजूंना सारखाच पीळ देतो, म्हणून एक चाक निसरड्यावर फिरू लागले की दुसऱ्यालाही तेवढाच तोकडा पीळ मिळतो. चिखलात अडकलेला ट्रॅक्टर चालक डिफरन्शियल लॉकचा पेडल दाबतो तो यासाठीच. हल्लीच्या गाड्यांत संगणक फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून हेच काम साधतो.

थांबताना सगळे सारखे

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आता सांगायची आहे. ब्रेक प्रत्येकच गाडीत चारही चाकांना असतात. म्हणून थांबण्याच्या बाबतीत फोर व्हील ड्राइव्हला काहीही अधिक मिळत नाही. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या रस्त्यावर ब्रेक लावल्यापासून सुमारे ९ मीटरवर थांबते. बर्फावर तिला सुमारे ६३ मीटर लागतात, मग ती जीप असो वा साधी मोटार. वळणावरही हाच नियम. सहज वेग घेता येतो, म्हणून चालकाला रस्ता चांगला वाटतो आणि थांबायची वेळ आली की फसगत होते. मनालीजवळच्या घाटांत हिवाळ्यात अशा गाड्याही घसरतात. जूनच्या पहिल्या पावसात आपल्याकडे होणाऱ्या अपघातांमागेही पकडीचा असाच चुकलेला अंदाज असतो.

वर्गात करून पाहा

एका फळीवर खोडरबर ठेवून फळी हळूहळू उचला. रबर घसरू लागताच फळीच्या टोकाची उंची मोजा आणि तिला फळीच्या तळाच्या आडव्या अंतराने भागा. हाच घर्षणांक. मग फळीवर काळ्या मातीचा पातळ लेप देऊन तो वाळल्यावर एकदा आणि ओला करून एकदा मोजणी करा. रबरावर वजन ठेवले तर उत्तर बदलते का, तेही पाहा. शेवटी मुलांना विचारा : निसरड्या चढावर रिकामी मालगाडी अडते आणि भरलेली निघून जाते, पण खोल चिखलात उलटे होते, असे का?

या प्रश्नातून चर्चा पांदण रस्त्यांवर येईलच. पावसाळ्यात शेतातून माल काढणे, आजाऱ्याला दवाखान्यात नेणे, मुलांनी शाळेत पोहोचणे, हे सारे त्या वाटांवर अवलंबून आहे. गाडीची यंत्रणा असलेली पकड वाटून देते. पकड निर्माण करायची तर जमिनीवरच काम करावे लागते : पाण्याला बाजूने नाली, मातीवर मुरूम आणि त्यावर गिट्टी.